सौंसरची कारा, पांढुर्ण्याची जंबेरी

बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं की शैवालांच्या धड्यात कारा भेटतेच. साचलेल्या गोड्या पाण्यात वाढणारी, हाताला खरखरीत लागणारी. तिच्या मादी अवयवाभोवती पाच पेशींचा सुबक पीळ असतो आणि तो प्रात्यक्षिकाच्या वहीत काढावाच लागतो. या कुळातली एक प्राचीन जात मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या नावानं ओळखली जाते: कारा सौंसरी.

हे नाव 1943 साली पुराजीवशास्त्रज्ञ बिरबल साहनी आणि त्यांचे सहकारी राव यांनी दिलं. तेव्हा हा मुलूख मध्य प्रांत व वऱ्हाडात होता आणि राजधानी नागपूर होती. ही कारा मात्र त्याहून फार जुनी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचत होते. एक थर थंड होऊन पुढचा येईपर्यंत मध्ये बराच काळ जाई. त्या अवधीत खोलगट जागी तळी साचत, त्यांत वनस्पती वाढत. पुढं पाण्यातली सिलिका त्यांच्या पेशींत मुरली आणि चर्ट नावाचा कठीण दगड तयार झाला. या दगडाचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पेशींच्या भिंतीसुद्धा दिसतात. सौंसरच्या परिसरातल्या चर्टमध्ये अझोला या तरंगत्या नेच्याचेही अवशेष सापडले. आज तीच अझोला शेतकरी जनावरांना चारा म्हणून टाक्यात वाढवतात.

छिंदवाड्याजवळचं मोहगाव कलां तर जीवाश्मांसाठी जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. तिथल्या अश्मीभूत फुलाला नागपूरच्या व्ही. बी. शुक्ला यांनी 1944 मध्ये ‘साहनिअँथस’ हे नाव दिलं.

5 ऑक्टोबर 2023 रोजी छिंदवाड्यातून वेगळे होऊन पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आले. इथल्या अनेक मुलांच्या घरी मराठी, वर्गात हिंदी आणि शास्त्रीय नावं लॅटिन. अभ्यासक्रमातले बरेच धडे मात्र घरच्या बागेतच सापडतात.

भ्रूणविज्ञानातलं बहुभ्रूणता हे प्रकरणच घ्या. एका बीत एकाहून अधिक भ्रूण असू शकतात, हे डच सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ लेवेनहूक यांनी 1719 मध्ये लिंबूवर्गीय फळांच्या बियांतच पाहिलं होतं. नागपुरी संत्र्याची कलमं ज्या जंबेरीच्या खुंटावर बांधतात, तिच्या एका बीतून दोन-तीन रोपं उगवलेली सहज दिसतात. त्यांतली बहुतेक रोपं परागणातून आलेल्या भ्रूणाची नसतात. ती बीजांडातल्या मातृपेशींपासून तयार होतात, म्हणजे आईची हुबेहूब नक्कल असतात. म्हणूनच बियांपासून वाढवूनही खुंट एकसारखे मिळतात. वेगळी दिसणारी रोपं उपटून टाकायची आणि उरलेल्यांवर संत्र्याचा डोळा भरायचा, हे रोपवाटिकेतल्या माणसाला पाठच असतं. त्यामागचं कारण पदवीचा विद्यार्थी वर्गात शिकतो.

संत्र्याच्या खोडातून डिंक गळू लागला की शेतकरी ‘डिंक्या’ म्हणतो. पुस्तकात तो फायटोप्थोरामुळे होणारा रोग. पानं काळी पडली की ‘कोळशी’. ती काळ्या माशीच्या गोड स्रावावर वाढणारी बुरशी. आंबिया बहारासाठी बाग ताणावर सोडणं हा तर वनस्पती शरीरक्रियाशास्त्राचा चालता प्रयोगच. या साऱ्यावर संशोधन करणारी केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था शेजारच्या नागपुरातच आहे. तिची सुरुवात 1985 मध्ये झाली.

मध्य प्रदेशानं 2021-22 पासून पदवीला नवं शैक्षणिक धोरण लागू केलं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीनुसार पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय घेता येतो. तिथं विषयासाठी लांब जायची गरज नाही. वेगवेगळ्या रोपवाटिकांतून जंबेरीच्या बिया आणून, साल काढून प्रत्येक बीतले भ्रूण मोजले आणि उगवलेल्या रोपांशी ताडून पाहिले, तर कुठल्या झाडाचं बी खुंटासाठी घ्यावं हे शेतकऱ्याला आकड्यांनिशी सांगता येईल.