समानार्थी शब्दांची असमानता

'डाउट' आणि 'सस्पेक्ट' या दोन इंग्रजी क्रियापदांचा अर्थ मराठी विद्यार्थी सामान्यतः एकच सांगतो : संशय असणे. परंतु 'आय सस्पेक्ट दॅट ही टुक द मनी' या वाक्याचा बोलणारा पैसे त्यानेच घेतले असावेत असे मानतो. 'आय डाउट दॅट ही टुक द मनी' म्हणणाऱ्यास मात्र त्याने ते घेतले असतील असे वाटत नाही. मराठी साक्षीचे इंग्रजी भाषांतर करताना यांपैकी चुकीचे क्रियापद लेखणीतून उतरले, तर आरोप करणारा साक्षीदार आरोपीचा कैवारी ठरेल. व्याकरणाची चूक वाचकाला खटकते आणि म्हणून सापडते. ही चूक खटकत नाही. वाक्य निर्दोष असते, फक्त अर्थ उलटलेला असतो.

इंग्रजीच्या प्रगत शब्दसंग्रहासाठी समानार्थी व विरुद्धार्थी शब्दांच्या याद्या पाठ करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे. परीक्षेतील काही गुण तिने मिळतात, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि यादीत शेजारी बसलेले शब्द वाक्यात एकमेकांची जागा घेऊ शकतात, हा जो समज त्या यादीतून नकळत दृढ होतो, तो बव्हंशी चुकीचा आहे.

इंग्रजीत एकाच अर्थाभोवती इतके शब्द का जमले, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले व पुढील काही शतके दरबार आणि न्यायालय येथे फ्रेंचचे वर्चस्व राहिले. विद्येची भाषा लॅटिन होती. त्यामुळे 'आस्क' हा मूळचा घरगुती शब्द, 'क्वेश्चन' हा फ्रेंचमधून आलेला आणि 'इंटरॉगेट' हा लॅटिन वळणाचा, असे तीन थर एकावर एक बसले. वाट विचारणारा 'आस्क' करतो; पोलीस अधिकारी संशयिताला 'इंटरॉगेट' करतो. अर्थाचा गाभा एकच, परंतु प्रसंग, अधिकार आणि सूर निराळे.

मराठी वाचकास हे नवे वाटू नये. 'कागदपत्र' या शब्दात फारसीतून आलेला 'कागद' आणि संस्कृत 'पत्र' एकत्र नांदतात. 'बाजारहाट', 'धनदौलत' हे शब्दही त्याच घडणीचे. इंग्रजी मृत्युपत्राच्या मथळ्यातील 'विल अँड टेस्टमेंट' ही जोडी अशीच देशी-परदेशी आहे. 'पाणी', 'जल' आणि 'उदक' हे कोशात समानार्थी खरे. पण नळाला उदक आले असे कोणी म्हणत नाही, आणि दान देताना सोडतात ते उदकच. स्वभाषेत सहज पाळला जाणारा हा विवेक परभाषेत शिरताना उंबरठ्याबाहेर का ठेवावा, हे कळत नाही.

शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ओळखावा, हा विचार इंग्लंडमध्ये जे. आर. फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास आग्रहाने मांडला. मराठीत माणूसही उंच आणि डोंगरही उंच. इंग्रजीत माणूस 'टॉल', डोंगर 'हाय'. कडक चहाला 'स्ट्राँग' म्हणतात, 'पॉवरफुल' नव्हे. उलट मुसळधार पावसाला 'स्ट्राँग' चालत नाही, तेथे 'हेवी' हवे. यामागे तर्क शोधू जाणे व्यर्थ आहे. ही वहिवाट आहे. अर्जलेखनात तर या वहिवाटीची किंमत मोजावी लागते. 'मागणे' या मराठी क्रियापदात विनंतीपासून हक्कापर्यंत सर्व छटा सामावतात. परंतु रजेच्या अर्जात 'रिक्वेस्ट'ऐवजी 'डिमांड' लिहिणारा नम्र मनुष्य वाचणाऱ्यास उद्धट भासतो.

विरुद्धार्थी शब्दांची कथा याहून अवघड आहे, कारण विरोध शब्दाला नसतो, त्याच्या विशिष्ट उपयोगाला असतो. ओल्या कापडाविरुद्ध कोरडे कापड, पण ओल्या नारळाविरुद्ध सुका नारळ. तसेच 'ओल्ड' माणसाविरुद्ध 'यंग', 'ओल्ड' घराविरुद्ध 'न्यू'. उपसर्गही फसवतात. न्यायाधीश 'डिसइंटरेस्टेड', म्हणजे निःस्वार्थ व तटस्थ, असावा; तो 'अनइंटरेस्टेड', म्हणजे खटल्याविषयी उदासीन, असेल तर पक्षकारांचे कठीण. 'इनव्हॅल्युएबल' हा 'व्हॅल्युएबल'चा विरोधी नाही. आपल्या 'अमूल्य'प्रमाणे तो मोल करता येणार नाही इतके मोठे असे सांगतो. 'इन्फ्लेमेबल'मधील 'इन' तर नकारार्थी नाहीच : हा पदार्थ चटकन पेट घेतो. 'न पेटणारा' असा त्याचा अर्थ घेतला जाऊन अनर्थ ओढवेल, या भीतीने अमेरिकेत विसाव्या शतकात अग्निसुरक्षेचे काम करणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' या निःसंदिग्ध रूपाचा पुरस्कार केला.

पीटर मार्क रोजे या वैद्याने १८५२ मध्ये प्रसिद्ध केलेला 'थिसॉरस' हा समानार्थी शब्दांचा सर्वांत ख्यातनाम इंग्रजी संग्रह. त्याची मांडणी अक्षरानुक्रमाने नसून कल्पनांच्या वर्गांनुसार आहे. विषयवार शब्द रचणाऱ्या अमरकोशाचा आणि कोलब्रुकने केलेल्या त्याच्या भाषांतराचा उल्लेख रोजे याने प्रस्तावनेत केला आहे. मात्र या ग्रंथात शब्दांच्या व्याख्या नाहीत. जो शब्द ठाऊक आहे परंतु ऐन वेळी आठवत नाही, तो सुचविणे हे त्याचे काम. अनोळखी शब्द तेथून उचलणे म्हणजे परक्याच्या खुंटीवरचा अंगरखा मापे न घेता चढविणे होय. त्यासाठी वेगळ्या जातीचा कोश लागतो. जपानमध्ये इंग्रजी शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी याने दोन सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकिओत निघाला व १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो प्रसिद्ध केला. परभाषकाला हवी असलेली माहिती, म्हणजे क्रियापदापुढे कोणती रचना येते, नाम मोजता येते की नाही, ही त्यात आवर्जून दिली होती.

अभ्यासकाच्या वहीत म्हणून एका शब्दापुढे पाच प्रतिशब्द असण्यापेक्षा एक पुरे वाक्य असलेले बरे. 'रिलक्टंट' शब्द भेटला तर 'नाखूष' एवढेच न टिपता 'रिलक्टंट टु साइन' हा तुकडा लिहावा. त्याखाली 'अनविलिंग' लिहून एक ओळ जोडावी की पहिला मनुष्य कुरकुरत का होईना सही करील, दुसरा बहुधा करणार नाही. विरोधासाठी 'ईगर टु साइन' लिहावे, आणि उरलेली जागा पुढील वाचनात तोच शब्द पुन्हा भेटेल तेव्हासाठी कोरी ठेवावी.