केवडा की रंगीत पान?



कारखान्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झाल्यावर मी मुलुंडला मुलाकडे राहावयास आलो. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आता मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या बाजूला स्थायिक झाली आहेत. वर्षातून महिना-पंधरा दिवस आपलाही मुक्काम तिकडे पडतो. म्हणून तिथल्या बागेविषयी चार अनुभवाच्या गोष्टी लिहीत आहे.

पहिल्याच दिवशी सोसायटीच्या फाटकाशी पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची झाडे दिसली. जन्मभर उसात हिंडलेला माणूस मी! लगेच म्हणालो, "अरे, यावर केवडा पडलाय. हिराकस फवारा." मुलगा हसायला लागला. म्हणाला, "अण्णा, हा पट्टा बघूनच तर नर्सरीत जास्त पैसे मोजलेत."

पुढे सोसायटीच्या कमिटीने "तुम्ही शेतकी खात्यातले, बाग तुम्हीच बघा" म्हणून ते काम माझ्या गळ्यात घातले. मे महिन्यात मी इमारतीच्या उत्तरेची पट्टी पाहिली. चांगले ऊन येत होते. जूनमध्ये तिथे ४० क्रोटन लावले. पावसाळा संपेपर्यंत झाडे झकास होती. डिसेंबर उजाडला आणि जुनी रंगीत पाने गळू लागली; नवी आली ती हिरवीगार. मिटिंगमध्ये एकजण म्हणाले, "नर्सरीवाल्याने फसवले." दुसरे म्हणाले, "कोपऱ्यातला बदाम तोडा, त्याचीच सावली पडते. शिवाय पानांचा कचरा किती!" बदाम पंचवीस-तीस वर्षांचा जुना. माझ्या चुकीपायी त्याच्यावर कुऱ्हाड येण्याची वेळ आली, तेव्हा मी या विषयाच्या मुळाशी जावयाचे ठरविले.

पानाला रंग कसा येतो?

पानातले हरितद्रव्य म्हणजे झाडाची चूल. सूर्यप्रकाशात त्यावरच झाडाची साखर तयार होते. आपल्या उसाची रिकव्हरी अखेर तिथूनच येते. हरितद्रव्याखेरीज पानात पिवळी-नारिंगी द्रव्ये असतात आणि काही झाडांत तांबडे-जांभळे द्रव्यही तयार होते. काळ्या उसाच्या सालीला जो रंग असतो तो याच जातीचा. पांढऱ्या पट्ट्यात मात्र हरितद्रव्य जवळजवळ नसते. म्हणून पांढऱ्या पट्ट्याचे झाड सावकाश वाढते आणि कडक उन्हात त्याचा पांढरा भाग करपतो. अशा झाडाला मधूनच एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटते. ती जोमाने वाढून सारे झाड हिरवे करून टाकते. तिला मुळाशीच छाटावे.

क्रोटनचे उलट आहे. त्याला ऊन भरपूर मिळाले तर तांबडा-पिवळा रंग खुलतो. ऊन कमी झाले की झाड तांबडे द्रव्य बनविणे कमी करते आणि मिळेल तेवढा उजेड पकडण्यासाठी हिरवे वाढविते. म्हणजे नर्सरीवाल्याने फसविले नव्हते, मीच झाडाला उपाशी ठेवले होते.

माझी चूक कुठे झाली?

मुंबईत साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो. त्यामुळे इमारतीच्या उत्तरेलाही ऊन लागते. पुढे दक्षिणायनात तो खाली उतरतो. डिसेंबरात ७० फूट उंच इमारतीची दुपारची सावली उत्तरेकडे सुमारे ६५ फूट पडते. मी मे महिन्याचे ऊन पाहून बारा महिन्यांचे झाड लावले, तिथेच फसलो.

मग खडू घेऊन सकाळी ९, दुपारी १२ व ३ वाजता सावलीच्या रेघा आखल्या. पट्टीवर पडणारी सावली बदामाची नव्हतीच, इमारतीची होती! हे कमिटीला जागेवर नेऊन दाखविले. शिवाय १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडता येत नाही, हेही सांगितले. बदाम वाचला.

ऊन पाहून झाड निवडावे

पाच-सहा तास ऊन असेल तर क्रोटन, अ‍ॅकॅलिफा, सोनेरी दुरांटा, कडेला बुटकी अल्टरनँथेरा लावावी. बोगनवेलही इथलीच, तिचा जो रंग आपण फुलाचा समजतो तो खरे तर पानांचा, फूल म्हणजे आतली बारीक पांढुरकी नळी. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारी सावली असेल तर कोलियस, कॉर्डिलाईन, ड्रॅसिना. कोलियसला तुरे येऊ लागले की खुडावेत, नाहीतर पाने लहान होतात. ऊन नाही पण उजेड आहे अशा जागी मनीप्लँट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनिमा. कॅलेडियम पावसाळ्यात फार देखणे दिसते. हिवाळ्यात पाने झडली तर मेले समजून फेकू नये, कंद मातीत जिवंत असतो.

लहान मुले असलेल्या घरी डायफेनबॅकिया हाताशी ठेवू नये. त्याचे पान चावल्यास तोंडात आग होऊन सूज येते. क्रोटनचा चीकही कातडीला त्रास देतो. छाटणीनंतर हात धुवावेत.

मांडणी कशी करावी?

नवखा माणूस प्रत्येक रंगाचे एकेक झाड आणतो. मग बाग म्हणजे बोहारणीची पाटी होते. एका जातीची तीन किंवा पाच झाडे एकत्र लावावीत, आणि दोन रंगांमध्ये साधे हिरवे ठेवावे. हिरव्याशेजारीच तांबडे उठून दिसते. अंधाऱ्या कोपऱ्यात गडद जांभळे पान लावल्यास दिसतच नाही. तिथे पिवळे किंवा पांढऱ्या पट्ट्याचे लावावे, जागा उजळते. उंच झाड मागे, बुटके पुढे, हे तर सांगावयास नको.

उपनगरातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथली बाग चालत कमी आणि गॅलरीतून खाली जास्त पाहिली जाते. चौथ्या मजल्यावरून एखादे फूल दिसत नाही, पण रंगीत पानांचा सलग पट्टा दिसतो. फुलांचा बहार संपला की वाफा उघडा पडतो. पानांचा रंग बारा महिने राहतो.

खरा केवडा कसा ओळखावा?

मला हसले खरे, पण पुढच्याच वर्षी सोसायटीत खराच केवडा पडला! जातीचा पट्टा आणि रोग यांत फरक असा: जातीच्या झाडाच्या नव्या-जुन्या पानांवर पट्टा असतो आणि झाड तजेलदार दिसते. लोह कमी पडल्यास नवी पाने पिवळी पडतात पण शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी असेल तर खालची जुनी पाने आधी पिवळी होतात.

आमच्याकडे नवी पाने पिवळी होती. खणून पाहिले तर वीतभर मातीखाली बांधकामाचा राडारोडा. सिमेंट-चुन्याने जमीन चुनखडीची झालेली. आपल्याकडे चुनखडीच्या रानात उसाला लोह मिळत नाही आणि केवडा पडतो, तोच प्रकार. दीड फूट राडारोडा काढून दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू भरली. हिराकस शेणखतात मुरवून दिला, आणि पानांवर लिटरला ५ ग्रॅमप्रमाणे फवारणी केली. नवी पाने हिरवी येऊ लागली. तेव्हा मुलगाच म्हणाला, "अण्णा, तुमचा हिराकस शेवटी कामाला आला."

थोडी मशागत

उपनगरात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेव्हा कुंडीची भोके मोकळी असावीत. पाणी साचले की मुळे कुजतात. जून-जुलै हा फाटे लावण्याचा काळ. वीतभर फाटा घेऊन खालची पाने काढावीत, क्रोटनचा चीक सुकू द्यावा आणि मग लावावा. नामांकित क्रोटनची गुटी कलमे बांधावीत. पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या पाण्याने धुवावे.

खतासाठी आपल्या ओळखीची वस्तू शहरातही मिळते. वांद्र्याचे डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांचा उपयोग करून गच्चीवर शेती करून दाखविली. रसवंतीवाल्याकडचे चिपाड कुजवून कुंडीत वापरण्यास हरकत नाही. गावाकडून येताना प्रेसमडचे कुजलेले कंपोस्ट आणलेत तर उत्तमच.

शेवटी

रंगीत पान ही काही नर्सरीचीच मिरास नव्हे. मार्चच्या सुमारास बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जा. कुसुंबाची कोवळी पाने अशी लालभडक असतात की लांबून झाड फुलल्यासारखे वाटते. आंब्याची तांबूस पालवी, पिंपळाची गुलाबी-तांबूस पाने आपल्या बांधावरही आहेत.

आमचे ४० क्रोटन आम्ही पुढच्या पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीलगत हलविले. सहा मेले, बाकीच्यांना दिवाळीपर्यंत रंग चढला. उत्तरेच्या पट्टीत सिंगोनियम व अ‍ॅग्लोनिमा लावले. गटारावर जाळी बसविली, बदामाच्या पानांसाठी खड्डा केला. आणि झडण्यापूर्वी बदामाची पाने लालबुंद झाली, तेव्हा त्याला तोडा म्हणणारेच गृहस्थ नातवाला खाली आणून दाखवीत होते.

तरी सभासदांनी मुलांकडे जाल तेव्हा बागेत आधी ऊन-सावली पाहावी, माती उकरावी आणि मगच झाड आणण्यास सांगावे. शेतीचा नियम तिथेही तोच आहे.