सतरा प्रश्नांत अख्खा तालुका

आजरा तालुक्यातला कोणीही एक माणूस मनात धरा. समोरच्याने प्रश्न विचारायचे, तुम्ही फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. 2011 च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे 1 लाख 20 हजार होती. एवढ्यांतून तो एक माणूस हुडकायला जास्तीत जास्त सतरा प्रश्न पुरतात.

हा दुपटीचा हिशेब आहे. एकाची सतरा वेळा दुप्पट केली की 1,31,072 होतात. सगळी नावं अकारविल्हे लावून ‘यादीच्या पहिल्या निम्म्यात आहे का?’ एवढंच विचारत गेलं, तरी प्रत्येक उत्तराला यादी निम्मी होते: साठ हजार, तीस हजार, पंधरा हजार. भारतातल्या 140 कोटींहून अधिक लोकांतला एक जण शोधायला 31 प्रश्न लागतात, आणि जगातल्या आठशे कोटींहून अधिकांतला शोधायला 33. एका तालुक्यावरून साऱ्या जगावर जायचं, तर सोळाच प्रश्न वाढतात! हा हिशेब कितीदाही केला तरी नवल ओसरत नाही.

अमेरिकन गणिती क्लॉड शॅनन यांनी 1948 साली माहिती मोजायचा सिद्धांत मांडला. त्यातलं माप म्हणजे बिट. हो आणि नाही यांची शक्यता सारखी असेल, तर त्या उत्तरातून एक बिट माहिती मिळते, मग उत्तर कोणतंही येवो. ‘तो गवंडी आहे का?’ असं सुरुवातीलाच विचारलं तर बहुधा ‘नाही’ येईल आणि यादी जवळपास होती तेवढीच राहील. निम्म्यावर तोडणाऱ्या प्रश्नाला आलेला नकार मात्र होकाराइतकाच मोलाचा असतो.

पण ज्या कोड्यात यादीच नसते, तिथे निम्मं कशाचं करायचं? आजऱ्याच्या मातीत बसेल असं एक कोडं घेऊ. एक बाई दिवसभर घरात होती. दारं-खिडक्या लावलेल्या. ती कोणाशी बोलली नाही, घरात कोण आलंय हे बाहेरच्या कोणी पाहिलं नाही. तरी जेवणवेळेपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं, की हिच्याकडे पाहुणा आलाय. कसं?

प्रश्न सुरू होतात. घरातून आवाज आला का? नाही. दारात अनोळखी चपला होत्या का? नाही. बाईने फोन केला? नाही. पाहुणा गावात प्रसिद्ध आहे का? संबंध नाही. इथे बैठक थोडी थंडावते. मग कोणीतरी विचारतं, बाईने रोजच्यापेक्षा वेगळं काही केलं का? हो. ते माजघरात? नाही. स्वयंपाकघरात? हो! आणि एकदम दोघं-तिघं ओरडतात: घनसाळ शिजवला!

2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा आजऱ्याचा सुवासिक तांदूळ. या घरात तो सणावाराला आणि पाहुण्यासाठी राखून ठेवलेला. सण नव्हता, आणि भाताचा वास फटीफटीतून गल्लीभर पसरला.

अडलं कुठे होतं, ते पाहण्यासारखं आहे. ‘कळलं’ म्हणजे कोणीतरी पाहिलं किंवा ऐकलं, असं आपण न बोलता गृहीत धरलं होतं. नाक कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. माल्टात जन्मलेले डॉक्टर एडवर्ड डी बोनो यांनी 1967 साली अशा विचारपद्धतीला ‘लॅटरल थिंकिंग’ हे नाव दिलं. सरळ रेषेत पुढे न जाता, आधी धरलेलं गृहीत सोडून बाजूने वाट काढायची. ते गृहीत ज्याचं त्याला दिसत नाही, शेजारच्याला दिसतं. म्हणून ही कोडी चौघांनी मिळून सोडवायची असतात. एकाला आपला प्रश्न बावळट वाटतो, पण त्याला मिळालेल्या उत्तरावर दुसरा पुढचा प्रश्न रचतो.

जपानमध्ये अशा कोड्यांना त्यातल्या एका गाजलेल्या कोड्यावरून ‘समुद्री कासवाचं सूप’ म्हणतात. चीनमध्येही ती याच नावाने खेळतात.

आपल्याकडे कूट घालायची परंपरा जुनी. कलगी-तुऱ्यात शक्तीचा पक्ष घेणारे कलगीवाले आणि शिवाचा पक्ष घेणारे तुरेवाले डफ-तुणतुण्यावर एकमेकांना पुराणांतले, अध्यात्मातले भेद घालतात. तिथे जबाब द्यायला पाठांतर आणि व्यासंग लागतो, आणि समोरच्याची फजिती झाली की फडाला रंग चढतो. हो-नाहीच्या कोड्यात उत्तर ठाऊक असलेला माणूस कोणाचा प्रतिपक्ष नसतो. बाकीचे पोचावेत अशीच त्याची इच्छा असते, आणि मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

त्याचं काम सोपं मात्र नाही. त्याला गोष्ट खाचाखोचांसह माहीत हवी, कारण एक चुकीचं उत्तर सगळ्यांना भलत्या वाटेला लावतं. स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञाने विचारलं होतं: दहा लाखांपर्यंतचा आकडा ओळखायचा, पण उत्तर देणारा एकदा खोटं बोलू शकतो, तर किती प्रश्न लागतील? एरवी वीस पुरतात. आंद्रे पेल्क यांनी 1987 साली सिद्ध केलेलं उत्तर आहे पंचवीस. खोटं नेमकं कधी बोललं गेलं हे माहीत नसतानाही पाचच प्रश्न जास्त.