पहिली मॅरेथॉन : अंगातली साखर जपून वापरा



अलीकडे आपल्या शिवारातली पोरे-पोरी पहाटे रस्त्याने पळताना दिसतात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, साताऱ्याची यवतेश्वर घाटातली २१ किलोमीटरची शर्यत २०१२ साली. माण तालुक्यातील मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत धावली. उत्साह हवाच, पण पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. तयारीविना त्यात उतरणे घातक आहे.

कारण साखरेचेच आहे! स्नायूंत व यकृतात साठलेली साखर साधारणतः ३० किलोमीटरच्या पुढे-मागे संपत येते. पाय उचलत नाहीत, डोळ्यांपुढे अंधारी येते. सुरुवातीलाच जोर केला तर साठा आणखी लवकर सरतो. सपाटीलाच बैल दामटले तर चढाला गाडी अडणारच.

म्हणून आमचे सांगणे असे. आधी ५, मग १०, मग २१ किलोमीटर करावे. पूर्ण पल्ल्यासाठी चार-पाच महिने सराव करावा. अंतर दर आठवड्याला थोडेच वाढवावे, मध्ये विश्रांती घ्यावी. शर्यतीत बोलता येईल इतक्याच वेगाने निघावे. वाटेत गुळाचा खडा, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घ्यावे. तहानेपेक्षा जास्त नुसते पाणी ढोसणेही बाधते. छातीत दुखले, चक्कर आली, तर तिथेच थांबावे व डॉक्टरांना दाखवावे. त्यात कमीपणा नाही.

आडसाली उसासाठी दीड वर्ष थांबणारे आपण. पोरांना चार महिने दम धरायला सांगू या.