जळगाव की जळगाव जामोद? ब्राउझर टेस्टिंगचा एक धडा

"जळगाव जामोदचा आहे" म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे खान्देशातले का?" मग आपण सांगायचं, "नाही हो, बुलढाणा जिल्हा, सातपुड्याच्या पायथ्याशी." माणूस निदान विचारतो तरी. माझ्या फॉर्मने विचारलंच नाही.

पीएच.डी.च्या सर्वेक्षणासाठी मी छोटं वेब ॲप केलं होतं. त्याची टेस्टही होती: ब्राउझर आपोआप उघडतो, फॉर्म भरतो, सबमिट करतो आणि 'धन्यवाद' दिसलं की पास. रोज हिरवं! पण नोंदी उघडून पाहिल्या तर आमच्या तालुक्यातली उत्तरं जळगाव जिल्ह्यात जाऊन बसलेली. सेव्ह करताना कोड गावाच्या नावाचा फक्त पहिला शब्द बघत होता. जिल्हावार तक्ते काढायच्या आधी हे दिसलं म्हणून निभावलं.

टेस्टला हे का सापडलं नाही? कारणं दोन.

पहिलं, मी 'धन्यवाद' तपासत होतो, नोंद नाही.

दुसरं जास्त फसवं आहे. टेस्ट सेलेनियममध्ये होती आणि 'जळगाव' हा शब्द असलेला पर्याय शोधत होती. असे पर्याय दोन असले तरी सेलेनियमचं एक घटक शोधणारं फंक्शन पहिला सापडलेला गुपचूप देतं. म्हणजे टेस्ट रोज खान्देशातलं जळगावच भरत होती. जामोदची वेळ कधी आलीच नाही.

आता मी प्लेराइट वापरतो. क्लिक करताना दोन घटक जुळले, तर ते एरर देऊन थांबतं. इथे बरेच जण 'पहिला घे' असं लिहून एरर घालवतात. तसं करू नका. ती एरर तुम्हाला प्रश्न विचारते आहे: नक्की कोणतं जळगाव?

सुरुवात करायची असेल तर हा क्रम ठेवा:

१. पायथॉनमध्ये पायटेस्ट आणि त्याचं प्लेराइट प्लगइन टाका. ब्राउझर वेगळ्या कमांडने उतरवावे लागतात.

२. टेस्टसाठी वेगळा डेटाबेस ठेवा. खऱ्या उत्तरांना हात लागता कामा नये.

३. त्यात मुद्दाम गोंधळात टाकणारी नावं भरा. दोन्ही जळगाव हवीतच.

४. पर्याय पूर्ण नावाने निवडा. प्लेराइट एरवी मजकुराचा तुकडा जुळला तरी चालवून घेतं, म्हणून 'तंतोतंत' हा पर्याय चालू करा.

५. 'तीन सेकंद थांब' असं लिहू नका. नेट कधी धावतं, कधी रांगतं. प्लेराइटची तपासणी अपेक्षित गोष्ट दिसेपर्यंत, मुळात ५ सेकंद, पुन्हा पुन्हा बघत राहते.

६. शेवटी नोंद परत उघडा आणि तालुका, जिल्हा जुळवून बघा.

आणि एक सवय लावून घ्या. टेस्ट लिहून झाली की कोडमध्ये मुद्दाम चूक करा आणि टेस्ट लाल होते का ते पाहा. नाही झाली, तर ती टेस्ट काहीच तपासत नाही. आपल्या संशोधनात फॉर्म हेच मोजमापाचं साधन असतं. तराजू वापरण्याआधी आपण तपासतोच ना?