गेलेल्या बटणांचा हिशेब

६ एप्रिल २०११ रोजी 'ग्नोम ३' प्रसिद्ध झालं. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात खिडक्या कशा उघडाव्यात, मेनू कुठे असावा, फाइली कशा दिसाव्यात हे ठरवणारं हे सॉफ्टवेअर. ग्नोमची दुसरी पिढी २००२ पासून लोकांच्या हाताखाली होती, अंगवळणी पडली होती. नव्या पिढीत मात्र खिडकी खाली दडवण्याचं आणि पडदाभर करण्याचं बटण नव्हतं. फाँट बदलायची जागा नव्हती. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर काय व्हावं, हे ठरवण्याची सोय नव्हती. आणि संगणक बंद करायला गेलं, तर मेनूत फक्त 'सस्पेंड' दिसत होतं. ऑल्ट कळ दाबून धरली की त्याच ओळीच्या जागी 'पॉवर ऑफ' उमटायचं. कळ सोडली की पुन्हा 'सस्पेंड'. ही युक्ती मेनूत कुठेही लिहिलेली नव्हती.

यातला प्रत्येक निर्णय विचार करून घेतलेला होता. रचनाकारांचं म्हणणं असं, की लॅपटॉप दर वेळी पूर्ण बंद करण्याची गरज नसते; झोपवला की उघडलेलं काम जसंच्या तसं मिळतं. खिडक्यांची पट्टीच नव्या रचनेत नव्हती, मग खिडकी खाली दडवायची तरी कुठे? असं असूनही वापरणाऱ्यांकडून संतापाची लाट आली आणि तिचे पडसाद कित्येक वर्षं उमटत राहिले. फुकट मिळणाऱ्या, स्वयंसेवकांनी मोठ्या प्रमाणावर घडवलेल्या सॉफ्टवेअरमधून एखादी सेटिंग गेली, तर माणसं एवढी का दुखावतात? मला वाटतं, पर्याय ठेवण्याची एक किंमत असते, तशीच तो काढण्याचीही असते. भांडण पेटतं ते यातली एकच किंमत मोजली जाते म्हणून.

पर्यायांचं रान

ग्नोम प्रकल्प १९९७ साली मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना या मेक्सिकोतल्या दोन तरुण प्रोग्रॅमरांनी सुरू केला. त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीत माथियास एट्रिख यांनी केडीई हे अशाच कामाचं सॉफ्टवेअर सुरू केलं होतं; पण ते ज्या क्यूटी या पायावर उभं होतं, त्याचा परवाना तेव्हा पुरता मुक्त नव्हता. म्हणून वेगळी चूल मांडली गेली. सुरुवातीच्या ग्नोममध्ये पर्यायांची रेलचेल होती. दोन प्रोग्रॅमरांचं एकमत झालं नाही, की दोघांच्याही मनासारखं व्हावं म्हणून एक टिकची चौकट टाकायची, असा तेव्हाचा सर्रास रिवाज. वाद मिटायचा, पण निर्णय वापरणाऱ्याच्या गळ्यात पडायचा.

पुढे सन मायक्रोसिस्टिम्सला आपल्या सोलारिस प्रणालीसाठी ग्नोम हवं होतं. त्या कंपनीने साध्या वापरकर्त्यांना ग्नोमसमोर बसवून त्यांची चाचणी घेतली आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. लोक कुठे अडतात, कशाने गोंधळतात, हे प्रोग्रॅमरांना प्रथमच इतकं स्पष्ट दिसलं. त्यानंतर रचनेची लिखित मार्गदर्शक तत्त्वं तयार झाली आणि २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ मध्ये सेटिंगांना मोठी कात्री लागली.

या कात्रीमागचा विचार सगळ्यात नेमका मांडला तो रेड हॅटमधले प्रोग्रॅमर हॅवॉक पेनिंग्टन यांनी, २००२ मधल्या एका निबंधात. त्यांचा मुद्दा असा, की कोणतीही सेटिंग फुकट येत नाही. सेटिंगा फार झाल्या, की हवी ती सापडत नाही. चाचणी अवघड होते. आणि पुष्कळ सेटिंगा म्हणजे मुळात न सोडवलेली चूकच असते. दुरुस्त करायचं सोडून तिच्यावर एक चौकट चिकटवलेली असते.

यातलं चाचणीचं गणित मुद्दाम करून पाहण्यासारखं आहे. चालू-बंद अशा दहा चौकटी असल्या, तर सॉफ्टवेअरच्या १,०२४ वेगवेगळ्या अवस्था होतात. वीस असल्या, तर १०,४८,५७६. इतक्या अवस्था कोणीही तपासू शकत नाही. मग एखादी चूक फक्त सातवी आणि तेरावी चौकट एकत्र चालू असतानाच उद्भवते, ती मूठभर लोकांनाच दिसते आणि स्वयंसेवकाला आपल्या संगणकावर काही केल्या सापडत नाही. शिवाय प्रत्येक चौकटीसमोरची ओळ कोणाला तरी भाषांतरितही करावी लागते. ग्नोमचा मराठी अनुवाद करणाऱ्यांनाही अशी प्रत्येक ओळ लावून घ्यावी लागली आहे. एका सेटिंगचा खर्च असा पुष्कळांच्या अंगावर वाटला जातो.

हातांची सवय

हे सगळं मान्य केलं, तरी दुसरी बाजू उरतेच. मार्च २००४ मध्ये ग्नोम २.६ आलं आणि त्यातला फाइली पाहण्याचा प्रोग्रॅम, नॉटिलस, प्रत्येक फोल्डर नव्या खिडकीत उघडू लागला. चार फोल्डर आत जायचं, तर पडद्यावर चार खिडक्या. जुनी पद्धत परत आणण्याची कळ अस्तित्वात होती, पण ती जीकॉन्फ नावाच्या आतल्या नोंदवहीत ठेवलेली होती. तिथवर पोचायला वेगळा संपादक उघडून लांबलचक नावांच्या फांद्या धुंडाळाव्या लागत. जाणकार पोचले, बाकीच्यांनी खिडक्या मिटण्यात वेळ घालवला. पुढे सेटिंगमध्ये त्यासाठी चौकट आली आणि २०१० मधल्या २.३० आवृत्तीत नॉटिलस मूळच्याच पद्धतीवर परतलं.

लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी डिसेंबर २००५ मध्ये ग्नोमच्या या वळणावर कडाडून टीका केली आणि लोकांना केडीई वापरायला सांगितलं. २००७ मध्ये तर खिडकीच्या शीर्षपट्टीवर माउसचं कोणतं बटण काय करेल, हे ठरवता यावं म्हणून त्यांनी स्वतः कोड लिहून ग्नोमकडे पाठवला. २०११ मध्ये ग्नोम ३ पाहून ते एक्सएफसीई या आणखी एका डेस्कटॉपकडे गेले आणि २०१३ च्या सुमारास ग्नोमकडे परत आले, ते एक्स्टेन्शन म्हणजे वरून जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमांच्या आधाराने. एवढा जाणता माणूस इतक्या वेळा घर बदलतो, तेव्हा नव्याला लोकांचा आंधळा विरोध असतो, असं म्हणून गप्प बसता येत नाही.

सवयीचं हे प्रकरण मराठीत टंकन करणाऱ्याला लगेच कळेल. मराठी आणि इंग्रजी अशा दोन कळफलकांवर दिवसभर ये-जा करणाऱ्याचा हात ऑल्ट-शिफ्टवर आपोआप जातो. ग्नोम ३.६ मध्ये, म्हणजे २०१२ साली, आयबस ही टंकनयंत्रणा थेट डेस्कटॉपमध्ये सामावली गेली. भारतीय भाषांसाठी ही मोठी सोय झाली. मराठी आणि इंग्रजी एकाच यादीत शेजारी बसले. पण त्याच काळात कळफलकाचे बारीकसारीक पर्याय मुख्य सेटिंगमधून हलले. नुसत्या ऑल्ट-शिफ्टने भाषा बदलायची, तर 'ट्वीक्स' हा वेगळा प्रोग्रॅम टाकून त्यातल्या कळफलकाच्या जादा पर्यायांपर्यंत जावं लागे. इंग्रजीतच लिहिणाऱ्याला यातलं काही जाणवलंही नसेल. दोन लिप्यांत जगणाऱ्याला मात्र ते रोज, शंभरदा जाणवतं. एखादी सेटिंग किती जण वापरतात, याच्याइतकंच ती दिवसातून किती वेळा वापरली जाते, हेही मोजायला हवं.

त्यात आणखी एक गोष्ट आहे. हे बदल माणसं स्वतःहून आणत नाहीत. प्रणालीची नवी आवृत्ती घेतली, की तिच्याबरोबर ते येतात. सुरक्षेच्या दुरुस्त्या हव्या असतील, तर नवी रचनाही घ्यावी लागते. रात्री काम अर्धं ठेवून उठलेला माणूस सकाळी अनोळखी पडद्यासमोर बसतो. त्याच्या रागात असहायतेचा वाटा मोठा असतो.

फायरफॉक्समधली एक चौकट

असाच प्रसंग मोझिलाच्या फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये घडला. मार्च २०१३ मध्ये मोझिलातले रचनाकार अ‍ॅलेक्स लिमी यांनी फायरफॉक्सच्या सेटिंगमधल्या धोकादायक चौकटींवर एक लेख लिहिला. चित्रं आपोआप उतरवण्याच्या चौकटीतली टिक काढली, तर गूगलचं पान निरुपयोगी दिसतं. जावास्क्रिप्टच्या चौकटीतली टिक काढली, तर निम्मं वेब मोडतं. चुकून टिक काढलेल्या माणसाला आपल्या हातून काय झालं ते कळत नाही. तो ब्राउझरला दोष देतो आणि दुसरा ब्राउझर धरतो. हा युक्तिवाद बिनतोड होता आणि ऑगस्ट २०१३ मधल्या २३ व्या आवृत्तीतून या चौकटी गेल्या.

जावास्क्रिप्ट बंद ठेवणारे मात्र बहुतेक करून चुकून तसं करत नव्हते. सुरक्षिततेसाठी, गुप्ततेसाठी, मंद संगणकासाठी त्यांनी ते जाणूनबुजून बंद केलेलं होतं. 'अबाउट कॉन्फिग' या आतल्या पानावर ती कळ शाबूत होती, पण नव्या आवृत्तीत येताना जुनी निवडही पुसली गेली. ज्यांनी जावास्क्रिप्ट बंद केलं होतं, त्यांचं ते पुन्हा चालू झालं. चौकट हलवणं ही रचनेतली दुरुस्ती झाली. माणसाने विचार करून दिलेलं उत्तर खोडणं ही त्याहून फार गंभीर गोष्ट आहे. विश्वासाला तडा जातो तो तिथे.

फाटे फुटतात तेव्हा

ओपन सोर्सच्या जगात नाराज माणसाकडे एक हक्क असतो, जो बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये नसतो. जुना कोड घेऊन तो आपली वाट धरू शकतो. ग्नोम ३ नंतर हे अक्षरशः घडलं. २०११ मध्येच अर्जेंटिनातल्या एका आर्च लिनक्स वापरणाऱ्याने ग्नोम २ चा कोड उचलून 'माटे' सुरू केलं. नवं आणि जुनं एकाच संगणकावर एकमेकांत अडकू नये म्हणून प्रत्येक भागाला नवं नाव द्यावं लागलं: नॉटिलसचं काखा झालं, जीएडिटचं प्लुमा, मेटासिटीचं मार्को. लिनक्स मिंट या प्रणालीच्या क्लेमाँ लफेव्र यांच्या चमूने ग्नोम ३ च्याच पायावर, जुन्या वळणाचा 'सिनॅमन' उभारला. २०१२ मध्ये नॉटिलसमधून दोन फोल्डर शेजारी-शेजारी उघडण्याची सोय गेली, तेव्हा मिंटने त्याचाही वेगळा फाटा काढून 'नेमो' बनवलं, आणि उबुंटू या दुसऱ्या लिनक्स प्रणालीने त्या वर्षी नॉटिलसची जुनी आवृत्तीच कायम ठेवली.

हे फाटे आजही जिवंत आहेत. पण ते कष्टाने जिवंत राहिले. माटेच्या स्वयंसेवकांना सगळा जुना कोड जीटीके या पायाच्या दुसऱ्या पिढीवरून तिसऱ्या पिढीवर न्यावा लागला आणि २०१७ मधल्या १.१८ आवृत्तीत ते काम तडीला गेलं. म्हणजे 'आम्हाला जुनंच हवं' म्हणणाऱ्यांनाही ते जुनं टिकवायला सहा वर्षं राबावं लागलं. ग्नोमवाले ज्या किमतीबद्दल बोलत होते, ती किंमत खरी होती. फरक इतकाच, की काही जणांनी ती आनंदाने उचलली. मार्च २०१८ मध्ये नॉटिलसमधून डेस्कटॉपवरची चिन्हं काढली, त्यामागेही हेच कारण होतं. तो जुना, गुंतागुंतीचा कोड बाकीच्या सुधारणा अडवत होता आणि त्याकडे लक्ष द्यायला माणसं नव्हती. अशा वेळी फुकट राबणाऱ्या माणसाला शिव्या घालणं हा अन्याय आहे. या वादांतला जिव्हारी लागणारा सूर कित्येकदा अशाच माणसांच्या वाट्याला आला आहे.

मोजलेलं आणि निसटलेलं

'ही सेटिंग फारसं कोणी वापरत नाही' हे वाक्य या वादांत हमखास येतं. ते तपासून घ्यायला हवं. २०२१ मध्ये फायरफॉक्सच्या नव्या रूपात दाटीची मांडणी काढायचं ठरलं, तेव्हा ती कोणाला सहसा सापडत नाही आणि वापरणारे थोडे असावेत, असा मोझिलाचा अंदाज होता. पण लहान पडद्याच्या लॅपटॉपवर तीच मांडणी आधार होती, आणि ज्यांना आपला वापर मोजला जायला नको असतो, ते मोजणीच बंद ठेवतात. विरोध झाल्यावर, जे ती आधीपासून वापरत होते त्यांच्यासाठी ती राहिली. बाकीच्यांसाठी आतल्या पानावर गेली.

ग्नोमने २०२२ मध्ये स्वेच्छेने माहिती देणाऱ्यांची पाहणी केली. २,५०० हून अधिक जणांनी भाग घेतला. त्यातल्या दहापैकी आठांहून अधिक जणांनी निदान एक तरी एक्स्टेन्शन स्वतः बसवलेलं होतं, आणि सर्वाधिक बसवलेल्यांत होतं ते वरच्या पट्टीत प्रोग्रॅमांची चिन्हं दाखवणारं. तशी चिन्हं दाखवण्याची ग्नोमची मूळ सोय २०१७ मध्ये काढली गेली होती. स्वतःहून पाहणीत उतरणारे हौशीच जास्त, हे लक्षात घेतलं तरी यातून एक गोष्ट दिसते: काढलेली गरज नाहीशी होत नाही, ती दुसऱ्या दाराने आत येते. आणि त्या दाराची देखभाल मुख्य प्रकल्पाबाहेरच्या कोणाला तरी करावी लागते. ग्नोमची नवी आवृत्ती आली की त्यातली काही एक्स्टेन्शन मोडतात.

काढायचंच असेल तर

सेटिंगा काढूच नयेत, असं मी म्हणणार नाही. साधेपणाचा आग्रह धरला नसता, तर ग्नोम पहिल्यांदाच संगणक हाताळणाऱ्याला कधी वापरता आलं नसतं. पण काढण्याचीही एक रीत असायला हवी. कोणती सेटिंग जाणार, का जाणार आणि तिच्या जागी काय येणार, हे एक आवृत्ती आधी सांगावं. माणसाने केलेली जुनी निवड नव्या आवृत्तीत पुसू नये. बाहेर पडायची वाट ठेवावी आणि ती कुठे आहे, हे सांगावं. २०१३ मध्ये ग्नोम ३.८ ने जुन्या वळणाचा 'क्लासिक' पर्याय दिला, तेव्हा हेच केलं. केडीईने दुसरा मार्ग धरला: सुरुवातीला साधं, गरज पडली तर सामर्थ्यवान. २०२० पासून त्यांच्या सेटिंगमध्ये 'बदललेलं उठून दाखवा' अशी सोय आहे. चुकून काय बिघडवलं, हे एका नजरेत कळतं. 'लोक गोंधळतात' या तक्रारीवर चौकट न काढताही उत्तर शोधता येतं, याचा हा चांगला नमुना आहे.

वापरणाऱ्यांचीही जबाबदारी आहे. 'तुम्ही सगळं नासवलंत' या वाक्याने कोणाचंच काम सुधारत नाही. 'दोन भाषांत लिहिताना दर वेळी हात उचलावा लागतो' या वाक्याने सुधारू शकतं, कारण त्यात गरज दिसते आणि गरज दिसली की रचनाकार तिच्यासाठी वेगळी जागा शोधू शकतो. चूक नोंदवणं, चाचणीला वेळ देणं, अनुवादाच्या दहा ओळी लावणं हीही त्या सेटिंगची किंमत चुकवण्याचीच रूपं आहेत.

मुक्त सॉफ्टवेअरने आपल्याला दिलेलं वचन मोठं आहे: यंत्र तुमचं, तर त्यावरचा ताबाही तुमचा. प्रत्येक कळ कायम राहील, असं त्या वचनात नाही. मात्र एखादी कळ काढताना, ती रोज दाबणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकलं जाईल, एवढं तरी त्यात असायलाच हवं.