ग्राफिक्स कार्ड कोणते घ्यावे?

मुलांनो, लग्नाची चित्रफीत तुम्ही सर्वांनी पाहिली असेल. निकाह, वलीमा, पाहुण्यांची गर्दी आणि मधूनच दिसणारा तुमचा स्वतःचा चेहरा! दोन-तीन दिवसांचे चित्रीकरण कापून, जोडून दोन तासांत बसवावे लागते. या कामाला संकलन किंवा एडिटिंग म्हणतात. पूर्वी हे काम दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून करत असत. आता ते संगणकावर होते.

समजा, तुमचे भाईजान हा व्यवसाय सुरू करत आहेत. अम्मीने भिशीचे पैसे दिले आहेत. अब्बांनीही थोडी भर घातली आहे. तयार संगणक न घेता सुटे भाग विकत घेऊन तो जोडून घ्यायचे ठरले आहे. तुम्ही भाईजानबरोबर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेलात. दुकानदार पहिल्याच झटक्यात विचारतो, "ग्राफिक्स कार्ड कोणते टाकू?" अशा संगणकात बहुधा हाच भाग सर्वांत महाग असतो. येथे चूक झाली, तर भिशीचे पैसे फिटेपर्यंत भाईजानना ती सोसावी लागेल.

आधी हे कार्ड काय करते ते पाहू. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. फुल एचडी चित्रात एका ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी असतात. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके झाले. एका सेकंदात अशी २५ चित्रे सरकतात. आता हिशेब करा. सेकंदाला पाच कोटींहून अधिक ठिपके! ४के चित्रफितीत तर याच्या चौपट.

नवरीचा चेहरा काळवंडला आहे, तो थोडा उजळायचा आहे. मग प्रत्येक ठिपक्यावर तीच क्रिया करावी लागते. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असतो, पण त्याचे हात थोडे. तो हातमागावरच्या कुशल विणकरासारखा आहे. ग्राफिक्स कार्ड म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. प्रत्येक माग साधाच, पण सगळे एकाच वेळी तेच काम करतात. एन्व्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०६० या कार्डात असे ३०७२ छोटे गणक आहेत.

मग मोठ्या आकड्याचे, नवे कार्ड घेतले की झाले? नाही. येथेच पुष्कळ लोक फसतात. आरटीएक्स ३०६० हे कार्ड २०२१ साली १२ जीबी स्मृतीसह आले. त्याच्या पुढचे ४०६० हे कार्ड २०२३ साली आले. ते अधिक वेगवान आहे, वीजही कमी खाते, पण त्याची स्मृती ८ जीबीच आहे. ही स्मृती म्हणजे दर्जीचे कापड बेतायचे टेबल. कापड टेबलात मावले नाही, तर कात्री कितीही धारदार असो, काम अडते. ४के चित्रावर अनेक परिणाम दिले किंवा अंधारातल्या चित्राचे दाणे पुसायला घेतले, की टेबल लवकर भरते. डाविंची रिझॉल्व्ह नावाचे संकलनाचे सॉफ्टवेअर तर अशा वेळी स्मृती भरल्याचा इशारा देऊन थांबते. २०२५ साली आलेले ५०६० टीआय हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत निघाले. नाव एकच! म्हणून खोक्यावर नावाबरोबर जीबीचा आकडाही वाचा.

भाईजान जर फुल एचडीत काम करणार असतील आणि फक्त कापणे-जोडणे असेल, तर ८ जीबी पुरे. उरलेले पैसे रॅम आणि एसएसडी यांवर घालावेत. माझे मत विचाराल, तर ४केचे काम करणाऱ्याने १२ जीबीच्या खाली जाऊ नये.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याची. कॅमेरा चित्रफीत घड्या घालून, दाबून साठवतो. संकलन करताना त्या घड्या उलगडाव्या लागतात. यासाठी कार्डात वेगळी सोय असते. पण काही कॅमेरे रंगांची माहिती जास्त साठवतात. त्या प्रकाराला ४:२:२ म्हणतात. एच.२६४ आणि एच.२६५ पद्धतीच्या अशा फायली उलगडण्याची सोय एन्व्हिडियाच्या जीफोर्स कार्डांत २०२५ च्या ५० मालिकेपासून आली. त्याआधीची महागडी कार्डेही येथे हात वर करतात. मात्र इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स असेल, तर ते ४:२:२ ची एच.२६५ फाईल उलगडू शकते. दुकानदार थोडे पैसे वाचवण्यासाठी नावाच्या शेवटी 'एफ' असलेला प्रोसेसर सुचवील. त्यात हे अंगचे ग्राफिक्स चालत नाही. अशी बचत महागात पडते.

म्हणून दुकानात जाताना भाईजानच्या कॅमेऱ्याने काढलेली एक फाईल पेनड्राइव्हमध्ये घेऊन जा. "ही चालवून दाखवा," असे सांगा. अडखळत चालली, तर कारण विचारा. यात लाजण्यासारखे काही नाही. कापड घेताना आपण ते उजेडात धरून पाहतोच ना?

आता विजेचे पाहू. मदरबोर्डच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. ४०६० ला ११५ वॅट लागतात, ३०६० ला १७०. बाकीची वीज पॉवर सप्लायमधून वेगळ्या तारेने येते. या दोन्ही कार्डांसाठी कंपनी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय सुचवते. नाव नसलेला स्वस्त पॉवर सप्लाय घेऊ नका. तो बिघडला, तर सोबत कार्डालाही नेऊ शकतो. कॅबिनेटची आतली लांबी टेपने मोजून ठेवा. काही कार्डे एवढी लांब असतात की झाकणच लागत नाही. बिल मात्र जपून ठेवा, हमीच्या काळात ते लागते.

घरी संगणक आला. सगळे भोवती जमले. पडद्याची तार मागे लावायची आहे. तेथे दोन ठिकाणी सारखीच खाच दिसेल, एक वर मदरबोर्डची आणि एक खाली कार्डाची. तार खालच्या खाचेत लावा.